सरांचा शब्द

रविंद्र सरांचा एक शब्द होता, आणि इंदापूरपासून बारामतीपर्यंत नाटक-कवितेच्या नादी लागलेल्या प्रत्येकाला तो माहीत होता. खुळचट.

सर कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाले होते आणि बारामतीच्या एका दैनिकात दर रविवारी त्यांचं सदर यायचं. गावातलं नाटक असो, कुणाचा पहिला कवितासंग्रह असो, नाहीतर एखाद्या पुढाऱ्याच्या एकसष्टीचा गौरवग्रंथ. आवडलं तर सर त्यावर अर्धं पान लिहायचे. नाही आवडलं की तो शब्द यायचा, आणि तो आला की उरलेलं पान कुणी वाचायचं नाही. 'खुळचट प्रेमकथा.' 'खुळचट उपमांचा ढिगारा.' टपरीवर पेपर उघडला की लोक आधी तो शब्द शोधायचे, या वेळी कुणाला बसला ते बघायचे आणि मग निवांत चहा प्यायचे. बाकीच्या पत्रकारांनीही तो उचलला होता. रस्त्याचं काम फसलं की 'खुळचट नियोजन', कुणी आंब्याच्या झाडाला लिंबू-मिरची बांधली की 'खुळचट समजूत'. शब्द सरांचाच, ठसका मात्र प्रत्येकाचा आपला.

सरांची मुलगी तेजश्री लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. आई गेल्यापासून इंदापुरातल्या घरात बापलेक दोघंच राहायचे. या शब्दाचं मूळ तिला लहानपणापासून माहीत होतं. तिचे आजोबा श्रीपती पिंपळीचे. छप्पन्न साली धम्म स्वीकारल्यावर त्यांनी घरातले देव फडक्यात बांधले, कालव्यात सोडले आणि घरी येऊन बायकोला, केसरबाईला, एवढंच म्हणाले, "झाला तेवढा खुळचटपना बास." सर ही गोष्ट अभिमानाने सांगायचे. त्यांच्या लेखी ती शिवी नव्हतीच. पिढ्यान् पिढ्यांची काजळी पुसणारा शब्द होता तो. तोच शब्द पोरासोरांच्या कवितांवर कधीपासून पडायला लागला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांचा विद्यार्थी समाधान याने एक नाटक बसवलं. नाव 'जोतं'. उजनी धरणात गेलेल्या एका गावातली बाई उन्हाळ्यात पाणी मागे सरल्यावर आपल्या घराचं उरलेलं दगडी जोतं बघायला येते, एवढीच गोष्ट. तालमींना सर अधूनमधून जाऊन बसायचे. पहिला प्रयोग इंदापुरात झाला, त्या दिवशी तेजश्रीची कारखान्यात दुसरी पाळी होती, तिला जाता आलं नाही. ती घरी आली तेव्हा पप्पा तिच्यासाठी जेवायचे थांबले होते आणि त्यांचा चेहरा उजळलेला होता.

"नितळ लिहिलंय गं पोरानं," ते म्हणाले. "तळ दिसतो इतकं नितळ. एक शब्द उपरा नाही."

तिने भात वाढला. एखाद्या नाटकावर पप्पा इतके खूश होऊन बोलल्याचं तिला बऱ्याच वर्षांत आठवत नव्हतं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सर हाताने लिहीत नसत. फोनमध्ये आवाज भरून सदर पाठवायचे आणि पेपरातलं कुणीतरी ते टाइप करायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात खुर्ची टाकून ते तसेच बोलत बसले. तेजश्री आत आवरत होती. बोलण्याची लय तेवढी तिच्या कानावर येत होती, संथ, भरलेली, वर्गात शिकवल्यासारखी.

रविवारी पेपर आला. पान उघडून ती उभ्याउभ्याच थबकली. वर मोठ्या अक्षरात होतं, 'जोतं: एक खुळचट नाटक.' खाली मजकुरातही तेच. समाधानची भाषा खुळचट, बाईचं दुःख खुळचट, शेवटचा प्रवेश तर फारच खुळचट.

"पप्पा, हे काय छापलंय?"

सरांनी चष्मा लावला, पेपर हातात घेतला आणि शीर्षकाखालून बोट फिरवत मोठ्याने वाचलं. निदान वाचतोय असं त्यांना वाटत होतं. तेजश्रीने ऐकलं ते असं, "जोतं, एक खुळचट नाटक." आणि वर ते खुशीने हसले. "बरोबर छापलंय की. एकही चूक नाही या खेपेला."

"पप्पा, तुम्ही तर नितळ म्हणाला होता."

"मग काय वाचलं मी आत्ता?"

पप्पा चेष्टा करतायत असं तिला क्षणभर वाटलं. पण लिहिण्याच्या बाबतीत त्यांनी आयुष्यात कधी चेष्टा केली नव्हती. तिने त्यांचा फोन घेतला आणि पेपरला पाठवलेलं बोलणं लावलं. पप्पांचा आवाज अंगणात घुमला. खुळचट, खुळचट, पुन्हा खुळचट. स्वच्छ, ठाम, एकेक अक्षर सुटं. सर मान डोलावत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "नितळ हा शब्द चारदा झाला काय गं? एखाद्या ठिकाणी बदलायला हवा होता."

तिने ते पुन्हा लावलं. या वेळी फोनकडे न बघता तिने पप्पांच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्यांत काहीच लपवलेलं नव्हतं. दोघं एकाच अंगणात, एकच आवाज ऐकत होते, आणि ऐकू येत होतं ते वेगळं.

तिने संपादकांना फोन केला. राजवर्धन हा सरांचा जुना चाहता, बोलायला गोड.

"ताई, आम्हालाही नवल वाटलं. स्वतःचा विद्यार्थी ना तो? पण म्हटलं, सर म्हणजे सर. नातं बघून लिहीत नाहीत."

"चूक झालीय हो. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. दुरुस्ती छापा."

"आवाज आहे ना आमच्याकडे त्यांचा. आणि खरं सांगू? सरांनी शब्द मागे घेतला असं छापलं तर उद्या त्यांच्या शब्दाला कोण विचारील? राहू द्या. लोक वाचतायत."

लोक वाचत होतेच. दुपारपर्यंत मोबाइलवरच्या बातम्यांमध्ये मथळे आले, 'गुरूनेच शिष्याला ठरवलं खुळचट'. एकाने तर नाटक न बघताच ते कसं खुळचट आहे यावर लिहिलं होतं. समाधानचा फोन आला नाही. सरांनी दोन दिवस वाट पाहिली. पोरगं आनंदाने धावत येईल, अशी त्यांची समजूत होती.

तेजश्री त्यांना बारामतीला डॉक्टरकडे घेऊन गेली. मेंदूची तपासणी झाली. डॉक्टर भला माणूस होता. त्याने चित्र दाखवून सांगितलं, की बोलण्याच्या जागेजवळ बारीकसा डाग दिसतोय, अशा माणसाला एका शब्दाच्या जागी दुसरा येतो, आणि कधीकधी आपण चुकतोय हे त्याला स्वतःला ऐकूही येत नाही.

"पण हाच शब्द का?" तिने विचारलं.

"ते मला नाही सांगता यायचं." डॉक्टरने सरांकडे पाहिलं. "सर, कसं वाटतंय?"

सर खुर्चीत पुढे सरकले, हात जुळवले आणि सावकाश, समजावून सांगावं तसं म्हणाले, "खुळचट."

त्यानंतर ते वाढतच गेलं. आधी एखाद्या वाक्यात एखादा शब्द जायचा, मग अर्धं वाक्य जायला लागलं. पाणी, चहा, वीजबिल, दार लावून घे, सगळ्याच्या जागी तेच. पण सूर मात्र ज्याचा त्याचा राहायचा. प्रश्न विचारला तर प्रश्नासारखा, वैताग असला तर वैतागाचा. एक दिवस सकाळी न्हाणीघरातून हाक आली, "खुळचट..." शेवटचं अक्षर जरा लांबवलेलं, वर उचललेलं. तेजश्री टॉवेल घेऊन गेलीसुद्धा. दाराशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की पप्पा लहानपणापासून 'तेजू' अशी हाक अगदी अशीच मारायचे. तिच्या नावाच्या जागीही तो शब्द येऊन बसला होता, आणि तिने त्याला ओ दिली होती.

ती कामावर असताना रविराज घरी आला. रविराज एका बातम्यांच्या चॅनेलचा तरुण बातमीदार, माइक घेऊन तालुकाभर फिरायचा. त्याने सरांची मुलाखत घेतली. दोन दिवसांनी कारखान्याच्या कँटीनमध्ये एका मैत्रिणीने तेजश्रीसमोर मोबाइल धरला. "तुझे पप्पा ना हे? भारी बोलतात."

व्हिडिओचं नाव होतं, 'सरांचा एका शब्दात निकाल!' रविराज विचारत होता, नव्या कवींबद्दल काय वाटतं? सर क्षणभर विचार करून म्हणत, "खुळचट." टीव्हीवरच्या मालिका? खुळचट. साहित्य संमेलनं? खुळचट. खाली लोकांनी टाळ्यांची चित्रं टाकली होती. निर्भीड माणूस. असं बोलायला जिगर लागते.

तेजश्रीला दिसत होतं ते वेगळंच. उत्तर संपल्यावरही पप्पांचे हात हवेत तरंगत राहत होते आणि चित्र मध्येच झटका खाऊन पुढे जात होतं. तिने रविराजचा नंबर मिळवला.

"मधलं कापलंय का तुम्ही?"

"ताई, सर अर्धा तास बोलले. प्रत्येक प्रश्नाला पाच-पाच मिनिटं. हातवारे करून, डोळे मिटून, मध्येच हसून. सगळं तेच, तो एकच शब्द. मला आधी वाटलं मुद्दाम करतायत. मग माझ्या अंगावर काटा आला."

"तरी टाकलात?"

"एकेकदाच ठेवला ना मी," तो म्हणाला. "एकदा म्हटला की तो सरांचा वाटतो."

सदर बंद झालं. तेजश्रीची कामाची वेळ, पप्पांना एकटं ठेवता येईना, म्हणून तिने त्यांना पिंपळीला आजीकडे नेऊन सोडायचं ठरवलं. केसरबाई नव्वदीच्या घरात. चुलत्यांच्या घराशेजारी तिची दोन खोल्यांची जागा, पुढे शेवग्याचं झाड. कान गेले होते, पण हिंडती-फिरती होती. तिला काय आणि कसं सांगावं, याचा तेजश्री वाटभर विचार करत होती.

ओट्यावर पोचल्यावर सर आईच्या पायाशी बसले आणि बोलायला लागले. तेजश्री पिशव्या आत ठेवत होती. बाहेरून पप्पांचा आवाज येत होता, खुळचट खुळचट, मग जरा थांबून, खुळचट? आणि पाठोपाठ आजीचा.

"न्हाय रं. ते कवाच पाडलं त्यांनी. आता तितं पत्र्याचं शेड हाय."

खुळचट, खुळचट.

"व्हय, ती हाय अजून. कळसला दिलीय न्हवं का. नातवंडं झाली तिला."

तेजश्री उंबऱ्यात येऊन उभी राहिली. दोघं आमनेसामने बसून बोलत होते. सर सांगत होते, आजी ऐकत होती, मध्येच "आं?" म्हणून पुन्हा विचारत होती आणि सर तेच पुन्हा सांगत होते. एका ठिकाणी आजी तोंडाला पदर लावून हसली आणि सरही हसले.

सर आत आडवे व्हायला गेले तेव्हा तेजश्री आजीजवळ बसली आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आज्जी, पप्पा काय बोलत होते?"

"काय बोलायचं. घरातलं." आजीने तिच्याकडे पाहिलं. "का गं?"

"तुला कळतंय ते?"

"मला कानानं कुटं ऐकू येतंय आता. त्वांडाकडं बघती, कळतंय." तिला प्रश्नाचा रोखच समजत नव्हता. "चांगला बोलतोय की. आजारी हाय म्हनं, आजारी काय दिसंना मला."

ऐकू न येणारी म्हातारी, आपल्या मनानेच उत्तरं देत असेल, असं तेजश्रीने स्वतःला समजावलं. तेवढ्यात आजी म्हणाली, "त्या नाटकाचं सांगत व्हता. त्या पोरीला पुढलं आठवंना, निस्ती उभी ऱ्हायली. मग ह्यानंच म्हनं खालनं सांगितलं तिला. वाकून या, चौकट बुटकी हाय. त्येवढं बोलला आन् म्हनला, आई, तवाधरनं माझं बोलनं माझ्यापाशी न्हाय."

पप्पांनी असलं काही घरी सांगितलेलं तेजश्रीला आठवत नव्हतं. आजीला तर नाटकाचं नावही माहीत असण्याचं कारण नव्हतं.

ती परतताना वाट वाकडी करून समाधानच्या तालमीच्या जागी गेली. बारामतीच्या प्रयोगाची तयारी चालली होती. समाधानने तिला पाहून नजर चुकवली. ती सरळच बोलली, आजाराचं सगळं सांगितलं. तो खाली बघत ऐकत राहिला आणि म्हणाला, "मला एक फोन करायचा होता, ताई. रोज हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. त्यांनी खरंच तसं म्हटलं असतं तर ते मला ऐकवलं नसतं."

नाटकातल्या बाईचं काम छकुली करायची. कॉलेजातली मुलगी, अंगाने बारीक, आवाज मात्र भरदार. तेजश्रीने तिला विचारलं, "पहिल्या प्रयोगात तू कुठं अडली होतीस का?"

छकुलीने समाधानकडे पाहिलं. "हे कुणाला माहीत नाही. सगळ्यांना वाटलं मी मुद्दाम थांबले." ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "जोत्यावर उभी राहून मी म्हणते, हितं दार व्हतं. पुढचं काहीच आठवेना. डोकं कोरं. मग पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीतून सरांनी सांगितलं, वाकून या, चौकट बुटकी हाय. अगदी हळू, पण ऐकू आलं. मी पुढे बोलले."

"म्हणजे तेव्हा ते नीट बोलले."

"हो. माझ्यासारखंच, गावाकडच्या बोलीत." पुढचं सांगावं की नाही, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. "ताई, नंतर आम्ही सोलापूरला प्रयोग केला, साताऱ्याला केला. सर नव्हते. मला आता सगळं पाठ आहे, मी विसरत नाही. पण त्या जागी मला थांबावं लागतं."

"का?"

"नाही थांबले तर माझा आणि सरांचा आवाज एकावर एक येतो."

समाधान म्हणाला, "मला काही ऐकू येत नाही, खरं सांगतो. पण ती थांबते ती जागा चांगली वाटते. म्हणून मी तशीच ठेवलीय."

बारामतीच्या प्रयोगाला तेजश्री पप्पांना घेऊन गेली. न्यावं की नाही यावर तिचं मन होय-नाही करत होतं, पण पप्पांनीच इस्त्रीचा सदरा काढून ठेवला होता. संध्याकाळचा प्रयोग. सभागृह बऱ्यापैकी भरलेलं. दोघं दुसऱ्या रांगेत बसले. समोरच्या पहिल्या रांगेत मान्यवरांच्या खुर्च्या होत्या, त्यातली कडेची रिकामी होती. राजवर्धन आला होता, दोन-तीन बातमीदारही होते. सरांना बघून ते एकमेकांच्या कानाशी लागले.

नाटक सुरू झालं. रंगमंचावर चिखल सुकल्यासारखा तपकिरी उजेड आणि मधोमध दगडांचं एक बुटकं जोतं. छकुली नऊवारी नेसून, हातात चपला घेऊन आली. एकेका दगडाला हात लावत ती जोत्यावर चढली. तेजश्रीने पप्पांचा हात हातात घेतला होता. तो उबदार होता, शांत होता.

"हितं दार व्हतं," छकुली म्हणाली आणि थांबली.

सभागृहात कुणी खोकलंही नाही. तेजश्रीने मुद्दाम पप्पांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते. तिचे डोळे त्या ओठांवर होते, आणि समोरून, त्या रिकाम्या खुर्चीतून आवाज आला.

"वाकून या. चौकट बुटकी हाय."

पप्पांचाच आवाज. आजारापूर्वीचा, भरलेला, शेवट जरा खाली सोडणारा. ती दोन वाक्यं इतक्या मायेने म्हटलेली होती, की तेजश्रीची मान आपोआप खाली झुकली, खरंच डोक्याला चौकट लागेल तशी. वर पाहिलं तेव्हा पप्पाही त्या खुर्चीकडेच बघत होते. दचकलेले नव्हते. फार दिवसांनी आपल्या ओळखीचं माणूस दिसावं तसं बघत होते. त्यांनी तिचा हात सोडला आणि दोन्ही हात जोडून त्या खुर्चीला जय भीम घातला.

शेजारच्या बाई निवांत नाटक बघत होत्या. छकुली पुढे बोलायला लागली होती.

पडदा पडला आणि सर उठून उभे राहिले. सगळ्यांच्या आधी. डोळे वाहत होते. त्यांनी दोन्ही हात उंच केले आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात समाधानला शाबासकी दिली. लोकांच्या कानावर आलं ते एवढंच, "खुळचट! खुळचट! खुळचट!"

टाळ्या थांबल्या. मागून कुणीतरी हसलं, कुणीतरी "बसा खाली" म्हणालं. तेजश्री त्यांच्या दंडाला धरून उभी होती आणि बातमीदारांचे मोबाइल वर झालेले तिला दिसत होते. समाधान नटमंडळींना बाजूला सारून मंचावरून खाली उतरला, सरांच्या पाया पडला. सरांनी त्याला उराशी धरलं आणि त्याच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगत राहिले. समाधान "हो सर, हो सर" म्हणत होता. नंतर तेजश्रीने त्याला विचारलं, की तुला काय ऐकू आलं. तो म्हणाला, "शब्द तोच होता, ताई. पण मी सांगू का, मला काय काय बदलायला सांगितलं ते मला कळलं." आणि पुढच्या प्रयोगात त्याने खरोखरच शेवटच्या प्रवेशातला उजेड कमी केला आणि एक गाणं काढून टाकलं.

त्या रविवारी राजवर्धनच्या पेपरात बातमी आली. मथळा होता, 'नाट्यगृहात ज्येष्ठ समीक्षकाचा खुळचटपणा'. आतल्या पानावर, सरांचं सदर यायचं त्याच जागी, नव्या सदरकाराने म्हाताऱ्या समीक्षकांनी वेळीच थांबावं यावर लिहिलं होतं. त्यात तो शब्द तीन ठिकाणी होता. रविराजच्या चॅनेलने जुना व्हिडिओ नव्या नावाने टाकला. या वेळी खालची टाळ्यांची चित्रं गेली होती, माकडांची आली होती. तेजश्रीने राजवर्धनला फोन लावला, तो त्याने उचलला नाही. तिने आजाराचं सगळं लिहून पाठवलं. ते छापून आलं नाही.

सर आता पिंपळीलाच राहतात. सकाळी शेवग्याखाली बसतात, आईशी बोलतात. गावातली माणसं आधी थबकायची, आता त्यांच्याकडे बघून मान हलवून पुढे जातात. समाधान महिन्याकाठी येतो. छकुलीला पुण्यात नोकरी लागली आणि नाटकात दुसरी मुलगी आली. ती त्या जागी थांबत नाही. तिला काही ऐकू येत नाही, आणि नाटक चांगलं चाललंय.

तेजश्री सुट्टीच्या दिवशी जाते. परवा गेली तेव्हा आजी चुलत्यांकडे गेली होती. ती चुलीपुढे बसून वांगी चिरत होती, पप्पा मागे खाटेवर पडले होते. ते काहीतरी म्हणाले. ती हात न थांबवता म्हणाली, "काही नाही पप्पा. चांगलंच छापलंय तुमच्याबद्दल."

मग तिचा हात थांबला. पप्पांनी काय विचारलं होतं, ते तिला कुठल्या शब्दात ऐकू आलं? तिने आठवून पाहिलं. खोलीत तो एकच शब्द वाजला होता, तिची खात्री होती. तरी प्रश्न तिला पुरा कळला होता, आणि तिने त्यावर खोटं उत्तरही दिलं होतं.

तिने मागे वळून पाहिलं. पप्पा कोपरावर उठून तिच्याकडे बघत होते. तिचं खोटं त्यांना कळलेलं होतं. त्यांनी ओठ उघडले आणि हळूच, तिला वाईट वाटू नये अशा सुरात, पुढचं वाक्य बोलायला सुरुवात केली. तेजश्री विळी बाजूला सारून त्यांच्या तोंडाकडे बघत बसून राहिली.